शेपटीवर बसलेलं विमान

१

विमान शेपटीवर बसलं तेव्हा कपांतला चहा अजून गरम होता.

त्याआधी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. बैठकीच्या खोलीत टेबलावर काचेची पेटी, पेटीत दादाने घडवलेलं विमान आणि भोवती ते न्यायला आलेली मंडळी. फ्लाइंग क्लबच्या नव्या दालनात उद्यापासून ते कायमचं राहणार होतं. आत्या त्यासाठी आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादाच्या मुलाची ती आत्या, मग सूनबाईची झाली, मग शेजारपाजारच्यांची, आणि आता तर दूधवालाही तिला आत्याच म्हणायचा. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली. जळालेलं गोदाम किंवा चेपलेली गाडी बघायची आणि समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं. निवृत्त झाली तरी तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती.

विमान जुन्या पद्धतीचं, दोन इंजिनांचं, मालवाहू. लांबीला हातभर. बाजारातून डबा आणून त्यातले भाग चिकटवले, असला प्रकार दादाच्या घरात खपत नसे. पंख प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापलेले, वाऱ्याचा वेग मोजणारी नळी म्हणजे इंजेक्शनची सुई, दिव्यांच्या काचा औषधी गोळ्यांच्या पाकिटातून काढलेल्या. बंद पोटाच्या आत, जिथे कोणाची नजर कधी पोचणार नाही, तिथे सामान बांधायचे दोरसुद्धा होते. याच विमानावर दादाचे आणि आत्याचे वडील, म्हणजे अण्णा, मेकॅनिक होते.

"वा!" कॅप्टन पेटीवर वाकून म्हणाला. निवृत्त वैमानिक, क्लबचा अध्यक्ष आणि दादाचा जुना दोस्त. "वैमानिकाच्या डोळ्यांवर चकाकी येऊ नये म्हणून नाकाडावर काळा पट्टा असतो ना, त्याची ही कड बघा. सुरीने कापल्यासारखी सरळ! कोण म्हणतं याचा हात थरथरतो?"

"सरळ?" खिडकीजवळच्या खुर्चीतून दादा म्हणाला आणि उठायला लागला.

नेमकं त्याच वेळी घड्याळजीने फोटोसाठी पेटीचं दार उघडलं. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारा हा दादाचा दुसरा मित्र. पेटी त्यानेच बनवली होती, आणि धक्का लागू नये म्हणून विमानाच्या शेपटीखाली फोमचा ठोकळाही त्यानेच खुपसला होता. त्याने अलगद ठोकळा ओढून घेतला.

विमानाचं नाक सावकाश वर गेलं, पुढचं चाक हवेत लोंबलं आणि शेपूट टक्कन पेटीच्या तळावर टेकली.

चहाचा ट्रे घेऊन आलेली सूनबाई दारातच थबकली. या छंदातल्या माणसाला याहून मोठी नामुष्की नाही. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं मॉडेल शेपटीकडे जड होतं, म्हणून त्याच्या नाकात शिसं भरावं लागतं. शिकाऊ मुलालासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाकात वजन घालायला विसरलो," तो म्हणाला. "सूनबाई म्हणते ते खोटं नाही. माझं डोकं गेलं."

तो विमानाकडे न बघता आपल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

२

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आत्या त्याच्या पायाशी बसली.

"उभं करून बघितलं होतंस का रे?"

"बघितलं होतं." कूस न बदलता तो म्हणाला, "असं वाटतं. आता काय खरं आणि काय वाटलेलं, कोणी सांगावं? इस्त्री चालू राहिली तेव्हाही बंद केली असंच वाटलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. ती कामाची खोली रिकामी करा म्हणावं. ज्याला नाकातलं वजन आठवत नाही, त्याने हातात सुरी धरू नये."

"चल, एकदा विमान नीट बघून घे."

"नाही बघायचं मला ते."

दादाने कधी कशात हार मानल्याचं तिने पाहिलं नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये कोणाचाही जाईल, तिचा स्वतःचा एकदा पिठाच्या डब्यात गेला होता. पण वजन? मॉडेलवाल्याने वजन विसरणं म्हणजे शिंप्याने शर्टाला बाह्या लावायच्या विसरण्यासारखं. छे! कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाहेर कॅप्टन गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. "आत्या, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. शेपटीवर बसलेलं विमान क्लबात नाही ठेवता येणार. लोक हसतील, आणि याच्यावर हसलेलं मला चालणार नाही. नाइलाजाने मी बनवलेलं ठेवावं लागेल."

"नाइलाजाने?"

कॅप्टन ओशाळला. "बरं, थोडं आवडेलही मला."

आत्या दादाच्या कामाच्या खोलीत शिरली. खोली चिंचोळी, भिंतभर खणांची कपाटं, पातळ रंगाचा वास. टेबलासमोर एकच फोटो लावलेला होता. त्यात अण्णा शिडीवर उभे, हातात ब्रश, तोंडभर हसू. मागे विमानाचं नाकाड, त्यावर ताजा काळा पट्टा, आणि पट्ट्याची कड मध्येच खाली लचकलेली. ती गोष्ट आत्याने लहानपणी हजारदा ऐकली होती. ऐन वेळी शिडी हलली, ब्रश घसरला, साहेबाने झापलं, पण विमान लगेच उडायचं असल्याने पट्टा तसाच राहिला. पुढे तेच विमानाचं लक्षण झालं. तळावरची पोरं लांबून ओळखायची, आलं अण्णांचं विमान.

टेबलावरच्या काळ्या चटईवर फटी बुजवायची पुट्टी घासून पडलेली पांढरी भुकटी तशीच होती. आत्या वाकली. मग चष्मा पुसून पुन्हा वाकली.

भुकटीत चाकांचे ठसे होते. गाड्या कुठून आल्या आणि कुठे धडकल्या हे टायरच्या खुणांवरून सांगण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला शेंगदाण्याएवढी चाकं काय जड! मागे दोन ठसे, खोल. पुढे एक, थोडा उथळ, पण स्वच्छ. आणि शेपटीच्या जागी भुकटी अगदी जशीच्या तशी, कशाचा स्पर्शही नाही.

विमान इथे तीन चाकांवर उभं होतं. दादा वजन विसरला नव्हता. मग ते गेलं कुठे?

३

आत्याने गवगवा केला नाही. नुकसान सापडलं की आधी आरडाओरडा करणारा सर्व्हेअर कच्चा, असं तिचं मत होतं. तिने कपात चहा ओतून घेतला आणि कॅप्टनला समोर बसवलं.

"काल संध्याकाळी मी आणि दादा फिरायला गेलो होतो, तेव्हा तुम्ही आला होतात म्हणे?"

"पेटीवर पितळी पाटी लावायला. सूनबाईंनी दार उघडलं. पाटी लावली आणि गेलो. पेटीला कुलूप होतं."

"किल्ली दादाच्या दाढीच्या डब्यात असते, हे जगाला माहीत आहे."

कॅप्टनला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मी त्याचं विमान बिघडवलं?"

"तुम्ही बिघडवायचं ठरवलं असतं, तर कसं बिघडवलं असतं?"

कॅप्टनने प्रश्न मात्र मनावर घेतला. "चाक वाकवलं असतं. पंखावर ओरखडा काढला असता. सोपं आहे ते. वजनाला हात लावायचा तर नाक फोडावं लागणार, आणि फोडलेलं दिसल्याशिवाय राहत नाही. ते नाक तर नव्या नाण्यासारखं आहे. आणि एक सांगू? आमच्यातला कोणीही, डब्यातून विमान काढणारा माझ्यासारखासुद्धा, वजन बघितल्याशिवाय रंगाचा पुढचा हात मारत नाही."

"हं," आत्या म्हणाली. हे वाक्य तिने मनात जपून ठेवलं.

घड्याळजी घराबाहेरच्या ओट्यावर, पेटीच्या फोमचा ठोकळा मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याकडे पेटीची दुसरी किल्ली होती, आणि रागाचं कारणही होतं. कॉकपिटसाठी त्याने मोहरीएवढ्या तबकड्या बनवून दिल्या होत्या. दादाने त्या भिंगाखाली बघून परत केल्या होत्या, वर काटे जाड आहेत असं सुनावलं होतं.

"राग आला होता," घड्याळजीने कबूल केलं. "आठवडाभर बोललो नाही. पण काटे जाड होते, आत्या. काल बिजागरीला तेल द्यायला आलो होतो, तेवढाच."

"नाक सुटं होतं का?"

"हो, खुंटीवर बसवलेलं. थोडं फिरवलं की निघतं. वजन कमीजास्त करता यावं म्हणून त्याने तसं ठेवलं होतं." तो घुटमळला. "एक बोलू? मित्र म्हणून बोललो नव्हतो. मी विमान पेटीत ठेवलं तेव्हा त्या काळ्या पट्ट्याची कड वाकडी होती. मध्येच खाली घसरलेली. मला वाईट वाटलं, हात थरथरला असणार. आज बघतो तर सरळ. म्हटलं, केली वाटतं त्याने नीट."

आत्याने कप खाली ठेवला. दादाला ती कड सरळ करायची असती, तर त्याने ती वाकडी काढलीच नसती.

४

किल्ली दाढीच्या डब्यातच होती. आत्याने पेटी उघडली, दोन बोटांनी नाक धरलं आणि हलकेच फिरवलं. ते अलगद सुटून हातात आलं.

हलकं. बोरापेक्षा हलकं.

हे दादाचं नाक नव्हतंच. आकार तोच, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचे टिपके तेच, रंग तोच. घडण इतकी नेटकी की जोड कुठे आहे हे नखालाही कळू नये. फक्त वजन नव्हतं आणि वाकडी कड नव्हती. आत्याला उगीचच हसू आलं. दुष्मन माणसाचं नाक कापतो, इतकं देखणं नवं नाक करून देत नाही. ज्याने हे केलं, त्याने माया लावून केलं होतं.

विचार करताना तोंड चालू असलं की तिचं डोकं बरं चालायचं. तिने बशीतलं बिस्कीट उचलून कडकन चावलं. सूनबाईच्या लॅबमध्ये घडलेल्या कवळीने ते सुपारीसारखं फोडलं. सूनबाई कवळ्या बनवायची, शहरातले निम्मे दातांचे डॉक्टर तिच्याकडे काम पाठवायचे. "आत्या, कवळी हलकी हवी," माप घेताना ती म्हणाली होती. "जितकी हलकी तितकी चांगली. तोंडात काही आहे हे कळलंच नाही पाहिजे."

आत्याचं चावणं थांबलं.

तिने नाक उलटं केलं आणि आत डोकावून बघितलं. बाहेरचा चंदेरी रंग आतपर्यंत पोचला नव्हता. आतून ते गुलाबी होतं, हिरड्यांसारखं गुलाबी. आत्याची जीभ आपोआप टाळूकडे गेली. तिथे बसलेली कवळीची पाटी अगदी याच रंगाची होती.

५

सूनबाई स्वयंपाकघरात कप विसळत होती. तेच कप ती सकाळपासून विसळत होती.

"पुरे आता, कपांची नक्षी जाईल," आत्या म्हणाली आणि स्टुलावर बसली. गुलाबी नाक तिने ओट्यावर ठेवलं.

सूनबाईने नळ बंद केला. तिने विचारलं नाही की हे काय आहे.

"कसं ओळखलंत?"

"चूक मोठी चांगल्या माणसाची होती," आत्या म्हणाली. "क्लबातल्या कोणी नाक बदललं असतं, तर आधी वजन भरलं असतं. म्हणजे हात कसलेला, पण विमानातला नाही. हलकेपणा हा ज्याच्या धंद्यात गुण आहे, असा. आणि दुसरं म्हणजे, दादा काहीही विसरला की तू म्हणतेस, मी सांगत नव्हते का? आज एवढं मोठं घडलं आणि तुझ्या तोंडून शब्द नाही. तेव्हाच मला खटकलं होतं, पण नक्की काय ते कळेना."

सूनबाईचे डोळे भरून आले. "बाबा डोळे तपासायला गेले होते ना, त्या दिवशी मी नाकाचा साचा घेतला. ती रेघ किती वाकडी झाली होती, आत्या. उद्या सगळा क्लब बघणार, कुजबुजणार, बिचाऱ्याचा हात गेला. मला ते सहन होईना. जुनं नाक जड लागलं हातात, मी म्हटलं भरीव असेल, आपण हलकं करू, छान होईल. काल कॅप्टन गेले आणि बदललं. शेपटीखाली ठोकळा होता, त्यामुळे काही कळलंच नाही. सकाळी बाबा म्हणाले वजन विसरलो, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बाबा, तुमचं डोकं शाबूत आहे, फक्त हात गेलाय? कुठलं कमी लागेल त्यांना? मी इथे उभी राहून तेच ठरवतेय. आणि ते आत पडलेत." ती हुंदका देऊन रडायला लागली.

आत्याने तिला रडू दिलं. मग पदर-रुमाल काही न शोधता सरळ ओट्यावरचं फडकं पुढे केलं.

"जुनं नाक कुठे आहे?"

सूनबाईने पिशवीतून कवळी ठेवायची डबी काढली. आत कापसात दादाचं नाक होतं, काळा पट्टा मध्येच लचकलेला.

"चल," आत्या म्हणाली. "तू सांगायचंस, मी नाही. आणि रेघेबद्दल घाबरू नकोस. तिचं मी बघते. म्हणजे, दादाच बघेल."

६

दादा अजून भिंतीकडे तोंड करून होता. सूनबाई पलंगाशी खाली बसली.

"बाबा, तुम्ही वजन विसरला नव्हतात. ते मी काढलं."

दादा वळला. तिने डबी उघडून नाक त्याच्या तळहातावर ठेवलं. तळहात किंचित खाली गेला.

"शिसं आहे यात," तो म्हणाला.

"आहे."

"मी भरलं होतं."

"तुम्ही भरलं होतंत. उभंही करून बघितलं होतंत, आत्याने चाकांचे ठसे बघितले."

दादा उठून बसला. नाक या हातातून त्या हातात घेत राहिला, पुन्हा पुन्हा, वजन जोखत. त्याचे डोळे वाहायला लागले आणि त्याने ते पुसले नाहीत. आत्याला वाटलं, आता आपणही रडणार, म्हणून ती खिडकीचा पडदा उगीचच सारखा करायला लागली.

"पण काढलंस का गं?" शेवटी त्याने विचारलं.

सूनबाईने मान खाली घातली. "रेघ वाकडी होती. वाटलं, तुमचा हात हलला."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, पोट धरून, खोकला येईपर्यंत.

"हात हललाच होता. माझा नाही, अण्णांचा!" तो म्हणाला. "तो फोटो रोज बघतेस ना धूळ पुसताना? सरळ रेघ कोणीही मारेल, पट्टी लावली की झालं. शिडी हलल्यावर अण्णांचा ब्रश जिथे घसरला तिथेच माझा घसरायला हवा होता. किती नाकं फेकून दिली मी त्यासाठी! आणि ते जमल्यावर तू येऊन सरळ केलंस?"

"मला काय माहीत!" सूनबाई रडता रडता हसली. "आणि तुम्ही तरी कधी सांगितलंत?"

"कधी विचारलंस?"

"बरं झालं," आत्या म्हणाली. "आता दोघंही विसरभोळे ठरलात. एक सांगायला विसरला, एक विचारायला."

दादा बैठकीच्या खोलीत आला. कॅप्टन आणि घड्याळजी उठून उभे राहिले, पण आत्याने डोळ्यांनीच दोघांना गप्प बसवलं. दादाने गुलाबी नाक उचललं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेलं, आतून बघितलं, बाहेरून बघितलं.

"जोड कुठे लपवलास?"

"जोड नाहीच. एकसंध ओतलंय."

"रिव्हेट?"

"साच्यातच आले."

दादाने ते कॅप्टनसमोर धरलं. "बघ. डब्यातून विमान काढतोस, याच्या जवळपास तरी जाशील का?" मग सूनबाईकडे वळून म्हणाला, "पुढच्या विमानाचं नाक तू ओतायचंस. वजन मी भरेन."

"पुढच्या? खोली रिकामी करायची होती ना?"

"कोण म्हणालं? उलट आत आणखी एक स्टूल टाक."

त्याने आपलं नाक खुंटीवर ठेवलं आणि फिरवायला गेला. बोटं थरथरली, नाक तिरकं बसलं. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. दादाने मात्र लपवलं नाही. हात बाजूला घेतला.

"हे खरं आहे," तो शांतपणे म्हणाला. "बसव गं तू."

सूनबाईने नाक सरळ बसवलं. घड्याळजीने शेपटीखाली ठोकळा सरकवून ठेवला होता. तो ओढायला कोणाचा हात पुढे होईना, तेव्हा दादानेच ओढला.

विमान जागचं हललं नाही. अण्णांची वाकडी रेघ नाकावर मिरवत ते तीन चाकांवर उभं राहिलं.

"चहा गार झाला सगळा," आत्या म्हणाली. "दुसरा टाका."